ब्लेंड म्हणजे भेसळच ना? (एक तांबडी बाटली, कोंबडी-वडे आणि फसलेला शनिवार)

चाळकरी | १३ मे, सकाळी १०:२०

मंडळी, मदत हवी आहे. प्रश्न शेवटी विचारतो, आधी काय घडलं ते ऐका.

बायकोचा भाऊ नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये लियोंला असतो. महिनाभराच्या रजेवर आलाय तो दोन बाटल्या घेऊन. दोन्ही एकाच वाइनच्या: कोत-द्यू-रोन (तिकडच्या रोन नदीकाठची), तांबडी. मागच्या लेबलवर तीन द्राक्षांची नावं आहेत, ग्रेनाश ६० टक्के, सिरा २५, मूर्वेद्र १५. अल्कोहोल १४.५. आम्ही नवरा-बायको काही वाइनवाले नव्हे. लग्नाच्या वाढदिवसाला नाशिकची एखादी बाटली आणतो, ती दोन दिवस पुरते.

काल रात्री बेत ठरला. बायकोने कोंबडी-वडे केले. मसाला सासूबाईंनी देवगडहून पाठवलेला. तो मसाला ज्यांनी खाल्लाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाटली सकाळपासून ओट्यावर उभी. परळची वरच्या मजल्यावरची खोली, पश्चिमेची खिडकी, मे महिना. मेहुणा म्हणाला, रेड वाइन रूम टेंपरेचरलाच प्यायची असते. त्यावर आई म्हणाली, "अरे, जरा गार तरी करा. कोमट सरबत कोण पितं?" आम्ही सगळे हसलो.

पहिल्या घोटाला नाकात स्पिरिट शिरलं. मग वड्याचा तुकडा रश्शात बुडवून खाल्ला, त्यावर दुसरा घोट घेतला आणि तोंडात जाळ झाला. मेहुणा पेला फिरवून "लेग्ज बघा, लेग्ज" (काचेवरून ओघळणारे थेंब) म्हणत होता. बायकोने सोलकढीची वाटी जी हातात घेतली ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. अर्ध्याच्या वर बाटली उरली.

तर प्रश्न असा. तीन जातींची द्राक्षं एकत्र करायची गरजच काय? एक जात चांगली असती तर तिचीच वाइन विकली असती ना? आपल्याकडे ह्याला भेसळ म्हणतात. आणि दुसरी बाटली अजून शिल्लक आहे, तिचं काय करू? मेहुणा ३१ तारखेला परत जातोय, त्याच्या आधी एकदा तरी त्याच्यासमोर ती नीट प्यायची आहे. इरेला पेटलोय म्हणा ना.

टपरीवरचा | १३ मे, सकाळी १०:४१

दुसऱ्या बाटलीत मनी प्लँट लावा.

अळूवडी | १३ मे, सकाळी ११:०५

भेसळ काय भेसळ! मग थालीपीठाची भाजणी काय आहे? बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभरा, उडीद, धणे. नुसत्या उडदाचं थालीपीठ लावून बघा, मग कळेल. गोड्या मसाल्यात दगडफूल घालतो ते काय वजन वाढवायला?

वाइनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाचतेय.

तळघर | १३ मे, दुपारी १:३०

चाळकरी, आईंना माझा नमस्कार सांगा. काल तुमच्या घरात वाइनचं खरं मर्म त्या एकट्यांना कळलं होतं.

'रूम टेंपरेचर' हा शब्दप्रयोग आला तो युरोपातल्या जुन्या दगडी घरांमधून, घरोघरी हीटर यायच्या आधी. ती खोली १६ ते १८ अंशांची. तुमची खोली मेमध्ये ३१-३२. त्या तपमानाला अल्कोहोल भसाभस उडतं, फळाचा वास त्याच्यामागे दडपून जातो आणि १४.५ टक्क्यांची वाइन कफ सिरपसारखी लागते. मुंबईत ऑक्टोबर असो की मे, तांबडी वाइन थंड केल्याशिवाय उघडायचीच नाही, हा माझा एकमेव हट्ट.

आता तिखटाचं. तोंडात उष्णता ओळखणारे जे ग्राही (रिसेप्टर) असतात ते साधारण ४२ अंशांना जागे होतात. मिरचीतलं कॅप्सेसिन त्यांनाच चेतवतं, म्हणून तिखट 'गरम' लागतं. अल्कोहोल काय करतं, तर तोच उंबरठा ४२ वरून ३४ च्या आसपास आणून ठेवतं. म्हणजे आपल्या तोंडाचं नेहमीचं तपमानही भाजल्यासारखं वाटायला लागतं. देवगडचा मसाला, १४.५ टक्के आणि ३१ अंश हे तिघं एकाच वेळी एकाच जागी जमले. बाटलीचा काही दोष नाही.

भाजणीचं उदाहरण मला फार आवडलं. आता एकेक धान्य बघू.

ग्रेनाश म्हणजे स्पेनमधली गार्नाचा. ऊन आणि कोरड सोसणारी, साखर भरपूर धरणारी जात. त्यामुळे अल्कोहोल चढं, चव गोलसर, स्ट्रॉबेरी-रासबेरीच्या अंगाची. पण साल पातळ, रंग फिका, आणि हवा लागली की लवकर उतरते. कापलेलं सफरचंद कसं काळवंडतं, तसं. सिरा म्हणजे आपल्या नाशिकच्या बाटल्यांवर दिसते ती शिराझ. ती रंग आणते, टॅनिन आणते (कच्च्या सुपारीने जीभ ओढते ना, ते) आणि काळ्या मिरीचा वास आणते. हा वास म्हणजे वाइनवाल्यांची कविता नव्हे हं. रोटंडोन नावाचं द्रव्य आहे. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं की शिराझमधला मिरीचा वास त्याचा, आणि खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं. गंमत अशी की साधारण पाचातल्या एका माणसाच्या नाकाला ते अजिबात कळत नाही.

तिसरी मूर्वेद्र. सगळ्यात उशिरा पिकणारी, जाड सालीची, हट्टी. तिचा वास थोडा रानटी: चामडं, ओली माती, शिकारीचं मांस. तिला 'डोकं उन्हात, पाय पाण्यात' लागतात असं तिकडे म्हणतात. ती हवेला सहज बधत नाही, म्हणून ग्रेनाश लवकर उतरू नये ह्यासाठी तिची राखण कामी येते. १५ टक्के एवढ्यासाठीच.

भाजणीत आणि ह्यात एक फरक आहे. भाजणीत सगळं एकत्र दळतात. इथे प्रत्येक जात वेगळ्या दिवशी पिकते, बहुतेक जण वेगळी तोडतात, वेगळ्या टाकीत आंबवतात आणि मग चाखत चाखत ठरवतात यंदा कुणाचं किती. पाऊस चुकला, ऊन जास्त झालं, की प्रमाण बदलतं.

प्रांताबद्दल संध्याकाळी लिहितो, आता जेवायला बोलावतायत.

कर्जत_लोकल | १३ मे, दुपारी २:१५

दारू ती दारू. तिला फ्रेंच नाव दिलं की संस्कृती होते का?

टपरीवरचा | १३ मे, दुपारी २:२०

फ्रेंच नाव दिलं की बिल होतं.

वसईवाली | १३ मे, दुपारी ३:५०

कर्जत_लोकल, आमच्याकडे नाताळला घरीच द्राक्षाची वाइन घालतात. काळी द्राक्षं, साखर, थोडे गहू, चिनी मातीची बरणी आणि तोंडाला फडकं. ती गोडच असते आणि कुणी तिला संस्कृती वगैरे म्हणत नाही. आजी फुगे तळायची आणि आम्हा पोरांना एकेक चमचा मिळायचा, बस.

चाळकरी, मसाल्याच्या जेवणाला तांबडी वाइन चालतच नाही असं नाही. आमच्या इंद्याळमध्ये लाल मिरच्या असतात, पण व्हिनेगरही असतं आणि डुकराच्या मांसाची चरबी असते. ताजं असताना वाइनबरोबर भांडतं. पण सोरपोतेल किंवा इंद्याळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुरलं की तिखटाचा चटका खाली बसतो आणि त्याबरोबर ग्रेनाशवाली वाइन (स्पॅनिश गार्नाचा होती, भावाने आणलेली) मस्त लागली होती. कॅबर्नेबरोबर (ते दुसरं काळं द्राक्ष, टॅनिन जास्त) मात्र तेच जेवण कडू लागलं.

तळघर | १३ मे, रात्री ९:१०

वसईवालींशी सहमत. कॅबर्नेच्या टॅनिनला मिरची आणि आंबट दोन्हींचा राग येतो. ग्रेनाश तोंडाला मऊ असते, ती सांभाळून घेते.

आता प्रांत. रोन नदी स्वित्झर्लंडच्या हिमनदीतून निघते, जिनिव्हाच्या सरोवरातून फ्रान्समध्ये शिरते, लियोंला वळून सरळ दक्षिणेला भूमध्य समुद्राकडे जाते. तुमचा मेहुणा राहतो तिथून थोडं खाली गेलं की उत्तर रोन सुरू. कोत-रोती, एर्मिताज ह्या नावाजलेल्या बागा तिथल्या. उभे चढ, दगडी पायऱ्या. तिथल्या तांबड्या वाइनमध्ये काळं द्राक्ष सिराच. पुढे दक्षिणेला दरी उघडते आणि अविन्योंच्या आसपास सगळा नकाशाच पालटतो: सपाट, उन्हाळी, दगडगोट्यांची जमीन. मिश्रणाचं राज्य तिथलं.

अविन्योंला १३०९ ते १३७७ ह्या काळात पोप राहायचे. त्यांचा उन्हाळी किल्ला जिथे बांधला ते गाव शातोनफ-द्यू-पाप, म्हणजे 'पोपचा नवा किल्ला'. रोनमधलं सगळ्यात नामांकित मिश्रण तिथलं. नियमांत १३ जाती चालतात, काळ्या-पांढऱ्या धरून. फ्रान्सने मूळस्थानाचे नियम केले तेव्हा पहिल्या काही नावांत हे होतं, १९३६ साली. तोडणी हातानेच व्हायला हवी. अल्कोहोल साडेबाराच्या खाली चालत नाही. हेक्टरी ३५ हेक्टोलिटरच्या (म्हणजे ३५०० लिटरच्या) वर काढायची नाही.

वेलींच्या बुंध्याशी नारळाएवढे गुळगुळीत गोटे पसरलेले असतात. दिवसा तापतात, रात्री ऊब सोडतात. आणि वर मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा, दिवसेंदिवस घोंघावणारा. माणसांची डोकी उठवतो पण पानं कोरडी ठेवतो, त्यामुळे बुरशी कमी. ग्रेनाशच्या जुन्या वेली तारेवर न चढवता कमरेएवढ्या झुडपासारख्या ठेवतात, तेही बरंचसं ह्या वाऱ्यामुळेच.

अवांतर: ह्याच गावच्या महापौरांनी १९५४ साली फर्मान काढलं होतं की गावच्या हद्दीत उडत्या तबकड्यांना उतरायला मनाई आहे, उतरल्यास जप्त करू. तेव्हापासून एकही उतरलेली नाही.

टपरीवरचा | १३ मे, रात्री ९:२२

आमच्या सोसायटीने पाहुण्यांच्या गाड्यांसाठी असा ठराव केलाय. त्या मात्र उतरतात.

बागाईतदार | १३ मे, रात्री ११:४५

दिवसभर धागा वाचत होतो, आता राहवेना. आम्ही मूळ पिंपळगाव बसवंतचे, बाग अजून आहे. भाऊ बघतो, मी मुलुंडला नोकरी करतो आणि छाटणीला पळतो.

हेक्टरी ३५ हेक्टोलिटर हे वाचून कागद-पेन्सिल घेतली. म्हणजे एकरी साधारण १४०० लिटर, बाटल्या १९०० च्या आत. त्याला द्राक्ष लागेल एकरी दोन टन. आमच्याकडे थॉमसनच्या (खाण्याचं बिनबियांचं द्राक्ष) बागेत दोन टन निघाले तर भाऊ अंथरूण धरेल. खाण्याच्या द्राक्षाला एकरी दहा टन हा साधा हिशेब. वाइनचं द्राक्ष वेगळंच, हे गावात बऱ्याच जणांना उशिरा कळलं. बारीक मणी, जाड साल, आत बिया. आजोबा पहिल्यांदा शिराझचा घड बघून म्हणाले होते, "हे बियाचं कोण खाणार, पाखरं?" पण रंग आणि टॅनिन सालीत-बियांत. मणी जेवढा बारीक, तेवढी रसाला साल जास्त. खाण्याच्या द्राक्षात आम्ही मणी फुगवण्यासाठी जीव टाकतो, तिथे नेमकं उलटं.

दुसरं, फ्रान्समध्ये वेल थंडीत झोपते, पानं झडतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, तिला कात्रीने झोपवावं-उठवावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिला घड येतो. दोन छाटण्या, एक पीक. तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे ते लोक सप्टेंबरात तोडणी करतात तेव्हा आम्ही कात्री हातात घेतो. कात्री घेतली आणि परतीचा पाऊस आला की केवडा (वेलीचा बुरशीचा रोग). ढगाळ राहिलं तर भुरी, तीही बुरशीच. मिस्त्रालचं वर्णन वाचून खरंच हेवा वाटला. तसला वारा पोंग्याच्या अवस्थेत (कोवळी फूट निघताना) आठ दिवस मिळाला तर फवारणीचे किती पैसे वाचतील!

तळघर, ग्रेनाश फुलोऱ्यात फार गळते असं ऐकलंय, खरं का? आमच्याकडे मणीगळ झाली की अख्ख्या वर्षाचं गणित बिघडतं. तसं असेल तर तीन जाती लावण्याचं कारण मला शेतकरी म्हणून लगेच पटतं. चव नंतर. एक गळली तर दुसरी हाताला लागते.

तळघर | १४ मे, सकाळी ८:०५

अगदी खरं. ग्रेनाशला फुलोऱ्यात थंडी-पाऊस लागला की मणी धरत नाहीत, फ्रेंचमध्ये त्याला 'कुल्यूर' म्हणतात. आणि तुम्ही म्हणता तेच मूळ कारण. चवीचं शास्त्र मागाहून आलं, आधी विमा होता.

बागाईतदार | १४ मे, सकाळी ८:५०

मग तुमची-आमची भाषा एकच.

अजून एक नातं आहे. फायलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा कीडा अमेरिकेतून फ्रान्समध्ये गेला आणि १८६३ साली तो पहिल्यांदा दिसला तो ह्याच दक्षिण रोनच्या भागात. पुढे फ्रान्सच्या बागा उजाड झाल्या. तोडगा निघाला अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच डोळा बांधायचा. आम्ही नाशकात डॉगरिजच्या खुंटावर कलम करतो ना, तो खुंटही अमेरिकनच. आमचं कारण वेगळं, क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण, पण युक्ती तीच.

वाइनच्या द्राक्षाचं आमचं काय झालं तेही सांगून टाकतो. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, मग विंचूरला वाइन पार्क, जिकडेतिकडे शिराझ-कॅबर्नेच्या काड्या. आम्हीही दोन एकर लावली. २००८ नंतर मंदी आली, एका कंपनीने करार करून माल उचललाच नाही. त्या मार्चमध्ये वेलीवरच मनुके झाले. वडिलांनी पुढच्या खरडीला बाग काढली, एक शब्द न बोलता. त्यांनी वाइन आयुष्यात प्यायली नव्हती.

अळूवडी | १४ मे, सकाळी ९:३०

बागाईतदार, पोटात तुटलं वाचून.

कर्जत_लोकल | १४ मे, सकाळी ११:१०

मागचा प्रतिसाद मागे घेतो. शेतकऱ्याचं वाचून वेगळंच वाटलं. मी पीत नाही आणि पिणारही नाही, पण धागा चालू द्या.

एक शंका: हे मिश्रण एवढं भारी तर एकाच जातीची वाइन कुणी करतच नाही का तिकडे?

तळघर | १४ मे, दुपारी १:१५

चांगला पकडलात. करतात. शातो रायास म्हणून शातोनफमधलं एक घर आहे, तांबडी निव्वळ ग्रेनाशची, आणि जगभरचे लोक तिच्यासाठी वेडे. तर दुसरीकडे शातो बोकास्तेल तेराच्या तेरा जाती लावतं. दोन्ही शातोनफच्याच नावाने विकली जाणारी. त्यामुळे मिश्रण श्रेष्ठ की एकल, ह्या वादात मी पडत नाही. साध्या किमतीच्या बाटलीत मात्र मिश्रण जास्त भरवशाचं, एवढं माझं मत.

ग्रेनाश-सिरा-मूर्वेद्रच्या मिश्रणाला 'जीएसएम' हे तीन आद्याक्षरांचं नाव ऑस्ट्रेलियन लोकांनी रूढ केलं. फ्रेंच माणूस द्राक्षाचं नाव घेत नाही, गावाचं घेतो. आपण हापूस म्हणण्याआधी देवगड की रत्नागिरी विचारतो, तसं.

आपल्याकडे हुबेहूब हे मिश्रण शोधू नका. नाशिक-बंगळूरकडे मिश्रण म्हटलं की बहुधा शिराझ आणि कॅबर्ने. ग्रोव्हरची ला रिझर्व्ह नंदी हिल्सची, यॉर्कची आरोस नाशिकची. फ्रातेल्लीची सेत्ते अकलूजकडची, ती सांजोव्हेजे आणि कॅबर्नेची, म्हणजे वळण इटालियन. ग्रेनाश हवीच असेल तर सुलाने तिची गुलाबी काढलीय, द सोर्स नावाने. बोंबलाबरोबर ती बरी.

अळूवडी | १४ मे, दुपारी ३:००

बोंबलाबरोबर तांबडी का नाही? आमच्याकडे शाकाहारच, पण नवऱ्याने ऑफिसच्या पार्टीत सुरमईबरोबर घेतली होती आणि म्हणाला, तोंडात खिळा चघळल्यासारखं लागलं.

तळघर | १४ मे, संध्याकाळी ६:४०

खिळा हा शब्द किती नेमका आहे ते त्यांना सांगा! जपानी संशोधकांनी २००९ मध्ये ह्याच्यावर काम केलं. सुकवलेल्या शिंपल्यांबरोबर ३८ तांबड्या आणि २६ पांढऱ्या वाइन चाखल्या. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्याबरोबर माशाचा वशट वास जास्त. लोह माशातल्या तेलाशी झटपट खेळ करतं. म्हणून सगळ्याच तांबड्या वाइट असंही नाही, पण बाहेरून बाटली बघून लोह कळत नाही.

शाकाहारासाठी: वांगं. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, हिरवी मिरची बेताची. किंवा भरली वांगी, दाण्याचं कूट आणि गोडा मसाला घालून. तुम्ही वर दगडफूल म्हणालात ना? त्याचा तो धुरकट, ओल्या लाकडाचा वास आणि मूर्वेद्र ह्यांची लगेच ओळख पटते. रोनकाठचे लोकसुद्धा वांगी, ढोबळी मिरची, टोमॅटो एकत्र शिजवून हीच वाइन पितात. मसालेभातही चालेल, वर तूप हवं. सोलकढी, कोशिंबीर, कैरीचं काही मात्र बाजूला ठेवा. आणि शेवटी पुरणपोळी आली की पेला संपलेला असू द्या. जेवण वाइनहून गोड झालं की वाइन आंबट होते.

मटणाला प्रश्नच नाही. पण लाल रस्सा नको. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि कांद्याचं वाटण, मिरी जास्त, लाल मिरची नावाला. सीकेपी पद्धतीचा खिमा असेल तर सोन्याहून पिवळं.

सदाशिव_थर्मामीटर | १४ मे, रात्री १०:३०

मी इंजिनिअर, माझ्याने राहवत नाही. सगळे 'अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा' सांगतात. आज करून पाहिलं. एका रिकाम्या बाटलीत पाणी भरून, दही लावायचा थर्मामीटर तोंडातून आत सोडला. सुरुवात ३१ अंश. अर्ध्या तासाने २६. तासाने २२. दीड तासाने १८.५. म्हणजे अर्धा तास हा सल्ला लंडनचा, मुंबईला दीड तास लागतो.

घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी आणि मूठभर मीठ. १५ मिनिटांत १७. नुसता बर्फ घालू नका, बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, पाण्यासारखा गारवा चिकटत नाही. आणि पेल्यात थोडीच ओता. दहा मिनिटांत ती पुन्हा मुंबईची होते.

वसईवाली | १५ मे, सकाळी ९:००

ह्या प्रतिसादाला दंडवत. वाचनखूण साठवली.

ठेवण्याबद्दलही सांगा कुणीतरी. मी एक चांगली बाटली खास दिवसासाठी म्हणून माळ्यावर ठेवली होती, स्वयंपाकघराच्या वर, वर्तमानपत्रात गुंडाळून. दोन उन्हाळे गेले. काढली तेव्हा बूच बोटभर वर आलेलं, कागद चिकट, आत जांभळाच्या मुरंब्याचं पाणी. त्याआधी एका दुकानातून घेतलेली बाटली तर घरी आणतानाच गरम होती, काचेच्या कपाटात उन्हात उभी होती ती.

तळघर | १५ मे, सकाळी १०:१५

मुंबईत खास दिवस लवकर आणायचा. वाइनसाठी वेगळा फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या भाजीच्या खणात आडवी ठेवा आणि काही महिन्यांत उघडा. माळा, ओटा, देव्हाऱ्यामागचं कपाट, सगळं बाद.

टपरीवरचा | १५ मे, सकाळी १०:३०

देव्हाऱ्यामागे कोण ठेवतं??

तळघर | १५ मे, सकाळी १०:३२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

मुक्काम_पोस्ट_माहीम | १६ मे, रात्री ८:२०

मी विरोधी पक्ष. तुम्ही जेवण वाइनसाठी बदलताय. मिरची कमी, सोलकढी बाद, रस्सा बाद. मग उरलं काय? कोंबडी-वड्याबरोबर गार बीअर प्या आणि सुखी राहा. ज्या मुलखात ती वाइन जन्मली तिथे मटणाला थाइम, रोझमेरी लावतात, मिरची नाही.

तळघर | १६ मे, रात्री ९:००

कोंबडी-वड्यांबाबत तुमचं शंभर टक्के मान्य. सगळ्या जेवणाला वाइन लागत नाही. चाळकरींकडे एकच बाटली उरलीय म्हणून हा खटाटोप.

चाळकरी | २७ मे, रात्री ११:५५

सगळ्यांचे आभार. आज झालं.

बायकोने सुकं मटण केलं, भाजलेल्या खोबऱ्याचं, मिरी भरड कुटून. बरोबर भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी. देवगडचा डबा आईने स्वतःच्या हाताने वरच्या फळीवर ठेवला. बाटली साडेसहाला फ्रीजमध्ये, आठला बाहेर. सदाशिवराव, मोजलं नाही, पण काचेवर दव आलं होतं.

तीच वाइन, शपथेवर सांगतो, तीच नव्हती. पहिल्यांदा फळ लागलं, मग थोडं ओढल्यासारखं जिभेच्या कडांना, आणि खोबऱ्याचा घास तोंडात असताना घोट घेतला तर दोन्ही एकमेकांत विरघळले. वांग्याबरोबर जास्त छान लागली, हे मटण केलेल्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिने पेला संपवून पुन्हा पुढे केला, ह्याहून वेगळा अभिप्राय तिच्याकडून मिळत नाही. पावणेनऊपर्यंत बाटली रिकामी.

आई पीत नाही. पण "एवढं काय ते बघू तरी" म्हणून माझा पेला नाकाशी नेला. दोनदा वास घेतला. म्हणाली, "ह्यात मिरी कुटून घातलीय का रे?"

मी मेहुण्याकडे बघितलं. त्याने पेला फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. पुन्हा फिरवला. "मिरी? काकू, मटणाचा वास येत असेल तुम्हाला." आईने मटणाचं पातेलं आत नेऊन ठेवलं, हात धुऊन आली, पुन्हा वास घेतला. "मिरीच आहे." मग तिने स्वतः त्याच्याशी पेला बदलला, न जाणो एकाच पेल्यात असेल म्हणून. तो दहा मिनिटं हुंगत बसला होता. शेवटी म्हणाला, द्राक्षंच आहेत.

रोटंडोनचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. ३१ ला विमानतळावर सोडायला जाणार आहे, तेव्हा बघू.